हानलेच्या अंधारावर पोट भरेल का?

साताऱ्याच्या एका ट्रेक लीडरने विचारलंय: "आठ वर्षं सह्याद्रीत ट्रेक नेतोय. आता लडाखमध्ये हानलेला आकाशदर्शनाच्या सहली सुरू करायच्यात. तिथे जागा भाड्याने घ्यावी, काचेचे चार-पाच डोम टाकावेत, एक मोठी दुर्बीण ठेवावी असं डोक्यात आहे. पंधरा-वीस लाख घालायची तयारी आहे. या धंद्याला भविष्य आहे का?"

भविष्य आहे. पण तुम्ही जसं मांडलंय तसं नाही. डोम टाकू नका, मोठी दुर्बीण घेऊ नका, आणि ते पंधरा-वीस लाख सध्या बँकेतच राहू द्या. का ते सविस्तर सांगतो. मी तीसेक वर्षं आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतोय, सुरुवात वांगणी-नेरळच्या माळांवर झाली, आणि गेली बारा-तेरा वर्षं दरवर्षी एक-दोन गट घेऊन हानलेला जातो. त्या गावात मी पाहुणा आहे, तिथला व्यापारी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माझं मत त्याच जागेवरून आलेलं आहे.

आधी हानलेचा अंधार टिकला कशामुळे ते बघा. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटरवर, वेधशाळा त्याच्या वर ४,५०० मीटरवर. भारतीय ताराभौतिकी संस्थेने इथे दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण उभी केली, तिने सप्टेंबर २००० मध्ये पहिल्यांदा आकाश टिपलं. ती चालवतात मात्र बंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहाच्या दुव्यावरून. मग बाकीची मंडळी आली. आयआयटी मुंबईच्या भागीदारीतली ग्रोथ-इंडिया दुर्बीण आली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'मेस' या गॅमा किरणांचा वेध घेणाऱ्या २१ मीटरच्या दुर्बिणीचं उद्घाटन झालं. म्हणजे आपल्या मुंबईचे दोन धागे तिथे आधीच बांधलेले आहेत. अंधार सांभाळायची गरज होती ती या दुर्बिणींना. पर्यटन मागाहून आलं. डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने सुमारे १,०७३ चौरस किलोमीटरचा टापू 'हानले डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून अधिसूचित केला. प्रशासन, लेहची स्वायत्त पर्वतीय परिषद आणि ताराभौतिकी संस्था यांचा तसा करार झालेला होता. हा सगळा भाग चांगथांग वन्यजीव अभयारण्यात येतो. तेव्हा 'जागा भाड्याने घेऊन डोम' हे वाक्य तिथे उच्चारण्याआधी दहादा विचार करा.

या रिझर्व्हची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे गावकऱ्यांना दिलेलं काम. आसपासच्या वस्त्यांमधल्या २४ जणांना खगोलदूत म्हणून प्रशिक्षण दिलं, दुर्बिणी दिल्या. त्यांत बायका जास्त आहेत. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, लाकडी पेटीसारख्या बैठकीवर हाताने फिरवायची, मोटार नाही, बॅटरी नाही. माझ्या गटाला पहिल्यांदा ज्या बाईंनी आकाश दाखवलं त्यांना आम्ही 'आचे-ले' म्हणायचो, लडाखीत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. अंगात जाड गोंचा, डोक्याला लोकरीची टोपी, तोंडात हिंदी. एका हाताने नळी अशी अलगद ढकलायच्या की गाईच्या पाठीवर हात ठेवावा. शोधकात (नळीवरच्या छोट्या दुर्बिणीत) न बघताच नळीच्या कडेने नजर लावून शौरी तारकासमूहातला गोलाकार तारकागुच्छ दुसऱ्या झटक्यात भिंगात. मी इतकी वर्षं दुर्बीण हाताळतोय, मला तीन झटके लागतात. गटातल्या एक काकू डोळा लावून बराच वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "रांगोळी सांडल्यासारखं दिसतंय." आचे-लेंना रांगोळी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या वर्षी गेलो तेव्हा दुसऱ्या मराठी गटाला त्या तोच शब्द सांगत होत्या.

हे मुद्दाम सांगतोय. तुम्हाला जी 'मोठी दुर्बीण' विकत घेऊन तिथे ठेवायची आहे, ती त्यांच्याकडे आहे, आणि ती वापरणारी माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा त्या आकाशाला जवळची आहेत. तुम्ही दुसरी ठेवलीत तर पर्यटक वाढणार नाहीत, आचे-लेंचं गिऱ्हाईक तेवढं कमी होईल.

आता हिशेब करू. आकाशदर्शनाच्या धंद्यात विकायचा माल म्हणजे चंद्र नसलेली निरभ्र रात्र. कृष्ण अष्टमीपासून शुक्ल पंचमीपर्यंत धरलं तर महिन्याला बारा-तेरा रात्री मिळतात, त्यातही सुरुवातीच्या रात्री मध्यरात्रीपर्यंतच आणि शेवटच्या रात्री चंद्र मावळल्यावर. पर्यटक मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येतात, म्हणजे साधारण साडेपाच महिने. झाल्या सत्तरेक रात्री. हानले पर्जन्यछायेत आहे, वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून दहा सेंटिमीटरहूनही कमी, वेधशाळेच्या हिशेबाने वर्षात सुमारे २६० रात्री काही ना काही निरीक्षण करता येतं. ऐकायला भरघोस आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनचे ढग डोंगर ओलांडून डोकावतात, आणि थंडीतल्या सुंदर रात्रींना पारा उणे पंचवीसच्या खाली असतो, तेव्हा तुमचं गिऱ्हाईक डोंबिवलीत रजईत असतं. माझ्या नोंदींवरून मी हंगामात पंचेचाळीस रात्री धरतो. त्याहून जास्त धरून कोणी तुम्हाला कागद दाखवला तर तो कागद परत करा.

समजा एका रात्री एका दुर्बिणीवर दहा माणसं, माणशी पाचशे रुपये. रात्रीचे पाच हजार, हंगामाचे सव्वादोन लाख, तेही रोज दहा माणसं आली तर. ज्या घरात आधीच दोन खोल्या आहेत, बकऱ्या आहेत, थोडं जव पिकतं, त्या घराला हे उत्पन्न मोलाचं आहे. पोराचं लेहमधलं शिक्षण त्यातून निघतं. पण पंधरा-वीस लाखांच्या भांडवलाला, पगारी माणसांना, डोमच्या डागडुजीला हे पुरत नाही. पुरवायचं असेल तर माणसं वाढवावी लागतात, माणसं वाढली की गाड्या वाढतात, दिवे वाढतात, आणि दिवे वाढले की विकायचा माल संपतो.

म्हणून मी म्हणतो, हा धंदा खरा आहे पण लहान आहे, आणि तो लहान राहिला तरच खरा राहील. यात तुमच्यासाठी जागा आहे ती माणसं तयार करून नेणाऱ्याची. आकाश दाखवायचं काम हानलेच्या लोकांचं, झोपायची सोय त्यांच्या घरात, जेवण त्यांच्या चुलीवर. तुमचं काम साताऱ्यात सुरू होतं आणि लेहला संपत आलेलं असतं.

होमस्टेबद्दल एक गोष्ट तिथे राहिल्यावरच लक्षात येते. हानलेला येणारा निम्मा लोंढा खरं तर उमलिंग ला खिंडीसाठी येतो. सीमा रस्ते संघटनेने तिथे १९,००० फुटांवरून गाडीरस्ता काढल्यापासून बुलेटस्वारांना ती खिंड हवी असते. ते संध्याकाळी येतात, थकून झोपतात, पहाटे निघतात, फोटो काढून दुसऱ्या बाजूने परततात. एक रात्र, एक थाळी. आकाशासाठी येणारा माणूस मात्र तीन रात्री थांबतो, थांबावंच लागतं, कारण एखादी रात्र ढगात जाणार हे गृहीत असतं. दिवसा तो झोपतो, दुपारी उठून थुक्पा मागतो, संध्याकाळी गोंपा बघायला जातो (सतराव्या शतकातला बौद्ध मठ, राजा सेंगे नामग्यालच्या काळातला, टेकडीवर बसलेला), चांगपा लोकांच्या पश्मिना बकऱ्यांचे कळप बघत बसतो. त्याचे पैसे पेट्रोलमध्ये जात नाहीत, घरात राहतात. दुर्गम जागेच्या दृष्टीने हाच खरा फायदा: रात्रीचा माल घ्यायला रात्र काढावीच लागते. दिवसाच्या प्रेक्षणीय स्थळाला ती सक्ती नसते.

आता उंची. इथे मी जरा थांबणार आहे, कारण जाहिराती याविषयी बोलतच नाहीत.

'जितकं उंच तितके तारे जास्त' असा समज आहे. कॅमेऱ्यासाठी तो खरा आहे. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही थोडा कमी असतो, बाष्प नगण्य, धूळ कमी, त्यामुळे तारा क्षितिजाजवळ गेला तरी मलूल होत नाही. पण आपला डोळा हेही एक इंद्रिय आहे आणि त्याला प्राणवायू लागतो. अंधारात ज्या शलाकापेशींनी आपण बघतो, त्या प्राणवायूच्या बाबतीत फार हळव्या असतात. रात्री उडणाऱ्या वैमानिकांना दिवसापेक्षा कमी उंचीवर ऑक्सिजन वापरायचा सल्ला देतात तो याचमुळे. हवाई बेटावरच्या माउना केआ शिखरावर, ४,२०० मीटरवर, लोकांना नुसत्या डोळ्यांनी जेवढं दिसतं त्यापेक्षा खाली २,८०० मीटरवरच्या अभ्यागत केंद्रापाशी जास्त दिसतं, हे तिथल्या निरीक्षकांना चांगलं ठाऊक आहे. हानलेला पहिल्या रात्री माझ्या गटातले लोक हमखास म्हणतात, "एवढं काही विशेष वाटत नाही हो." तिसऱ्या रात्री तीच माणसं गप्प होतात. आकाश तेच असतं, रक्त बदललेलं असतं.

म्हणून आमचा क्रम ठरलेला. लेहला, ३,५०० मीटरवर, विमानाने उतरल्यावर पूर्ण तीन रात्री. पहिल्या दिवशी कुणी बाजारातसुद्धा फिरायचं नाही. मग उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा असं सिंधूच्या काठाने वर. लेहपासून अडीचशे किलोमीटर, आठ तास. इनर लाइन परवाना लागतो, लोमाला तपासतात, आणि सीमाभाग असल्यामुळे नियम बदलत असतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात पुन्हा खात्री करायची. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, हे सांगूनही दरवेळी दोघं विसरतात.

उंचीच्या आजाराबद्दल मात्र काहीही सैल ठेवू नका. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथवर विश्रांती पुरते. माणूस बसल्या जागी धापा टाकू लागला, खोकल्यात फेस आला, चालताना झोकांड्या देऊ लागला किंवा विचारलेल्याचं भलतंच उत्तर देऊ लागला, तर तारे-बिरे विसरून त्याच क्षणी ऑक्सिजन लावून खाली निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. अडचण अशी की हानलेहून 'खाली' पटकन होत नाही. न्योमासुद्धा ४,१०० मीटरच्या वर आहे, खरा उतार मिळायला चुमाथांगच्या पुढे यावं लागतं. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, फुप्फुसाचा त्रास असणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं, ट्रेक लीडरने नाही. एकदा एका सहल कंपनीने लेहला उतरवलेला गट दुसऱ्याच दिवशी हानलेला आणलेला मी पाहिला. अठरा माणसांपैकी रात्री दुर्बिणीपाशी चौघं आली. बाकीची खोलीत डोकं धरून पडली होती, आणि एका मुलीला गावकऱ्यांनी स्वतःच्या गाडीतून उतरवलं. त्या अठरा जणांनी घरी जाऊन हानलेबद्दल काय सांगितलं असेल त्याची कल्पना करा.

काय दिसतं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण इथे गैरसमज फार आहेत. फोटोत दिसणारी जांभळी-केशरी आकाशगंगा डोळ्याला दिसत नाही. डोळ्याला ती राखाडी दिसते, पण तिला पोत असतो. मधले काळे पट्टे, धनू राशीकडची फुगवट, हंसापाशी पडलेले दोन फाटे. पांढरा कागद जमिनीवर ठेवून त्याच्यावर हात धरला तर आकाशगंगेच्या उजेडाची फिकट सावली जाणवते. देवयानी दीर्घिका, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची, शोधावी लागत नाही, मान वर केली की ती तिथे असतेच. आणि सप्टेंबरच्या अमावस्येची पहाट मला सगळ्यांत आवडते. चारच्या सुमारास पूर्वेकडून सिंह राशीतून मृगाच्या दिशेने झुकलेला एक दुधी शंकू वर चढतो. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "उजाडायला लागलं का सर?" नाही, अजून वेळ आहे. तो राशिचक्रीय प्रकाश, ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परतलेलं सूर्याचं ऊन. शहरात जन्म गेलेल्या माणसाला ही खोटी पहाट दाखवणं, मग शेजारी हळूहळू खरी पहाट होताना दोन्हींतला फरक दाखवणं, यासाठी मी अजून जातो.

उलट, हानलेला काय दिसत नाही तेही सांगा. हानले बत्तीस-तेहतीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. अगस्त्याचा तारा तिथे क्षितिजाच्या जेमतेम साडेचार अंश वर येतो, म्हणजे बहुतेकदा डोंगराआडच. आपल्या पुण्या-साताऱ्यातून तो एकोणीस अंश चढतो. त्रिशंकू, म्हणजे दक्षिणेचा क्रूस, हानलेहून उगवतच नाही, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दक्षिण क्षितिजावर छान दिसतो. आकाशगंगेचं केंद्र आपल्याकडे बेचाळीस अंश उंच, हानलेला अठ्ठावीस. म्हणजे दक्षिणेच्या आकाशाच्या बाबतीत सह्याद्री हानलेला भारी आहे, फक्त आपण तो दिव्यांनी आणि दमट धुरकटाने वाया घालवलाय. हे तुमच्या धंद्याच्याही कामाचं आहे, खाली येतोच त्यावर.

ध्रुवीय प्रकाशाचं एक नवीनच खूळ आलंय. ११ मे २०२४ च्या पहाटे जोरदार सौरवादळात हानलेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर लाल झळाळी टिपली, त्या फोटोंनी सगळीकडे गर्दी केली. त्यानंतर मला फोन येऊ लागले, "अरोरा दिसेल ना नक्की?" हानलेच्या अक्षांशावर जे दिसतं ते फार उंचावरच्या ऑक्सिजनचं तांबडं तेज, मोठ्या वादळातच, आणि तेही डोळ्यापेक्षा कॅमेऱ्याला अधिक. सौरचक्राचा कळस होऊन गेलाय, पुढची काही वर्षं सूर्य हळूहळू निवत जाईल. सहलीच्या पत्रकात हा शब्द घालू नका. दिसलं तर देवाने दिलं म्हणायचं.

परदेशातलं एक उदाहरण या बाबतीत मला नेहमी आठवतं, चिलीच्या एल्की खोऱ्याचं. मोठमोठ्या वेधशाळा आसपासच्या डोंगरांवर आहेत, पण विकुन्या गावाच्या नगरपालिकेने १९९८ मध्ये मामालुका नावाची छोटी वेधशाळा खास लोकांसाठी काढली, संशोधनाच्या दुर्बिणींना अजिबात अडथळा न आणता. त्याच सुमाराला चिलीने उत्तरेकडच्या तीन प्रांतांसाठी दिव्यांचा नियम केला. क्रम बघा: नियम आणि गावची वेधशाळा बरोबरीने आली, हॉटेलं त्या नियमांत राहून वाढली. न्यूझीलंडच्या टेकापोकडे तर दिव्यांचा नियम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होता, डार्क स्काय रिझर्व्हचा दर्जा २०१२ मध्ये मिळाला. तीस वर्षं अंधार राखला, मग तो विकला. आपल्याकडे उलटं होण्याचा धोका आहे.

आणि धोका हा शब्द मी हवेत वापरत नाहीये. दोन वर्षांपूर्वीची रात्र सांगतो. गटातले सगळे सतरंज्यांवर आडवे, डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती होऊन गेलेली. अकराच्या सुमारास गावाच्या वळणावर तीन गाड्या आल्या, तिघांचेही एलईडी हेडलाइट अप्परला, वर टपावर आणखी एक पट्टी. सगळं पठार दिवसासारखं पांढरं झालं. गाड्या थांबल्या, माणसं उतरली, मोबाइलचे टॉर्च लावून विचारू लागली, "मिल्की वे किधर है?" कुणी ओरडलं नाही. आचे-ले उठल्या, त्यांच्यापाशी गेल्या, दिवे बंद करायला लावले आणि त्यांनाही आमच्या शेजारी बसवलं. पण आमची अर्धी रात्र गेली होती, आणि चार किलोमीटरवर कुणी कॅमेरा लावून बसलं असेल तर त्याचीही. निळसर पांढरा दिवा हवेत जास्त विखुरतो, आकाश निळं दिसतं त्याच कारणाने, म्हणून पिवळट, झाकलेला, खाली तोंड केलेला दिवाच तिथे चालतो. गावातल्या घरांनी खिडक्यांना जाड पडदे लावलेत, अंगणातले दिवे उतरवलेत. तो त्याग त्यांनी केलाय. काचेच्या डोममध्ये आतला एक दिवा लागला तरी तो अख्खा डोम कंदिलासारखा पेटतो. तुमच्या डोमला माझा विरोध का आहे ते आता लक्षात आलं असेल.

पाणी, कचरा, शौचालयं यांबद्दल तुम्ही ट्रेकवाले आहात, तुम्हाला सांगायला नको. तिथे कोरडं शौचालय असतं, ते वापरायला माणसं आधीच तयार करून न्या, तक्रार करणाऱ्याला नेऊच नका. क्यांग म्हणजे तिथले रानगाढव, त्यांच्यामागे गाड्या पळवून व्हिडिओ काढणारे बघितलेत मी. तुमच्या चालकाने एकदा जरी तसं केलं तरी त्याला पुढच्या वर्षी बोलवू नका.

मग तुम्ही काय करावं? माझं ऐकाल तर पहिलं वर्ष हानलेचं नावही घेऊ नका. सह्याद्रीतच सुरू करा. तुमची माणसं आधीच तुमच्यावर विश्वास ठेवतात. डिसेंबर ते मे दर अमावस्येजवळच्या शनिवारी एखाद्या आडबाजूच्या गावात, पाटण-कोयनेच्या अंगाला म्हणा किंवा माणदेशात, रात्रभराचा कार्यक्रम. आकाश शिका. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, त्यांच्या रात्रींना विद्यार्थी म्हणून जा. पेंचला जाऊन या, आपल्या महाराष्ट्रातलं पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय इंटरनॅशनलने मान्य केलेलं भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. तिथे जंगलाकाठच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंडाचे केले. उंची नाही, बर्फ नाही, ऑक्सिजनची चिंता नाही, आणि नागपूरहून गाडीने काही तासांत पोचता येतं. तिथे काय केलंय ते बघून तुम्हाला तुमच्या एखाद्या गावच्या सरपंचाशी बोलता येईल. मला विचाराल तर पुढच्या दहा वर्षांत मराठी माणसासाठी आकाश-पर्यटनाची मोठी संधी इथेच आहे. हानले हा त्या माणसाच्या आयुष्यातला एकदाचा प्रवास असेल, आणि तसाच असावा.

दुसऱ्या वर्षी तयार झालेल्या लोकांतून आठ-दहा जण निवडा, दोन गाड्या, त्याहून जास्त नाही. सप्टेंबरच्या अमावस्येच्या आधी दोन दिवस हानलेला पोचाल असं तिकीट काढा, तिथे तीन रात्री, शक्य असेल तर चार. गावातल्या दोन घरांशी थेट बोला, मधला एजंट नको, दर त्यांनी सांगायचा, घासाघीस करायची नाही. खगोलदूतांचे पैसे सहलीच्या खर्चात वेगळी ओळ करून दाखवा, म्हणजे गिऱ्हाइकालाही कळतं की आकाश फुकट नाही. तुमचा फायदा लेहपर्यंतच्या नियोजनातून, साताऱ्यात करून घेतलेल्या तयारीतून आणि माणसाच्या काळजीतून येईल. माणशी फार सुटणार नाही. पण अशी वर्षातून तीन-चार पथकं नेलीत, बाकी महिने सह्याद्रीत कार्यक्रम घेतलेत, तर घर चालेल. माझं चाललंय.

सामानात माणशी एक लाल टॉर्च, पांढऱ्या टॉर्चवर लाल जिलेटिन बांधलं तरी चालतं. सप्टेंबरातही रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या, आणि भिंगावर हिम धरू नये म्हणून त्याभोवती हात शेकायच्या पुड्या रबराने बांधायच्या. पातळ चटई नको, जाड सतरंजी हवी, उताणं झोपून बघताना थंडी जमिनीतून येते. आणि काळी चिकटपट्टी, इलेक्ट्रिशियन वापरतात ती, चार रिळं. लोमा ओलांडलं की गाडी बाजूला घ्या आणि उजेड असतानाच चालकाला बरोबर घेऊन दाराच्या आतला दिवा, डॅशबोर्डचे आकडे, मागच्या डिकीचा दिवा, सगळ्यावर पट्टी मारून टाका. दार उघडलं की आपोआप पेटणारा तो छोटासा दिवाच दरवर्षी कुणाची तरी रात्र घालवतो.